गळ्यात ग्रीक नाणं: अस्सल घ्यावं की नक्कल?

ग्रीक नाण्याचं पेंडंट म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतं अथेन्सचं घुबड. ग्रीसच्या आजच्या एक युरोच्या नाण्यावरही तेच आहे. अस्सल घुबड इसवीसनपूर्व पाचव्या शतकातलं, चांदीचं, चार ड्रॅक्मचं (ड्रॅक्म म्हणजे तेव्हाचं ग्रीक चलन). वजन १७ ग्रॅमच्या आसपास. वरून सोन्याचं कोंदण चढलं की नाजूक साखळीला ते पेलत नाही.

अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवली तर नवख्याला नक्कलच आवडते. ती गोल गरगरीत असते आणि पुढच्या बाजूच्या अथीना देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा पूर्ण दिसतो. अस्सल नाण्यात ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे तुरा बहुधा कडेबाहेर गेलेला. कड कुठे तडकलेली. कधी घुबडाच्या अंगावर छिन्नीचा खोल घाव असतो: आत तांबं तर नाही ना, हे बघायला त्या काळच्या व्यापाऱ्याने घातलेला. संग्राहक अशा नाण्याला कमी भाव देतात. दागिन्यासाठी मला तेच जास्त आवडतं, आणि खिशालाही बरं पडतं.

रोज घालायचं असेल तर मात्र सरळ नक्कल घ्या. अडीच हजार वर्षांची चांदी ठिसूळ झालेली असू शकते आणि अथीनाचं नाक, गाल चांगलेच उठावदार असतात, घासले जाणारच. अंगठीत तर अस्सल नाणं बसवूच नये. नकलेतही ओतीव टाळा. कडेला जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतात. ठसा मारून पाडलेली घ्या.

अस्सलच हवं असेल तर माझं मत अलेक्झांडरच्या एका ड्रॅक्मला. सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, नखाएवढं. सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला ग्रीक वीर हेराक्लीस पुढे, सिंहासनावर देवांचा राजा झ्यूस मागे. (हेराक्लीसलाच अलेक्झांडर समजून विकणारे दुकानदार भेटतील, हसून सोडून द्या.) ही नाणी अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरही पाडली जात होती, म्हणून मिळतातही भरपूर.

कोंदणाबद्दल सोनाराला आधीच बजावा: भोक पाडायचं नाही, झाळायचं नाही. नाणं कोंदणाच्या नखांनी (बारीक आकड्यांनी) किंवा पातळ कडीने धरलेलं हवं, पुन्हा काढता येईल असं, मागची बाजू उघडी आणि कड नाण्याच्या उठावापेक्षा किंचित उंच. आणि दिवाळीला चांदीची भांडी घासतो तसं दंतमंजन याला लावू नका; काळपट झाक गेली की किंमतही गेली.

अथेन्सच्या दुकानांत पर्यटकांसाठी असतात त्या नकला. अस्सल नाणं परवान्याशिवाय ग्रीसबाहेर नेणं गुन्हा आहे. इतर देशांतून घेतानाही नाणं कुठून आलं त्याचे कागद मागाच. भारतात १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा लंडनच्या भाचीला लग्नात द्यायचं असेल, तर ते तिथेच विकत घ्यावं.