स्टेरॉइड बंद करायला लावणाऱ्या ‘स्नायूरोग केंद्रा’पासून सावध राहा

माझ्या पत्नीला डर्मॅटोमायोसायटिस हा स्नायूंचा दाहक आजार आहे. हा आजार मुळापासून बरा करतो असे सांगून मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी चालणाऱ्या होमिओपॅथी केंद्राने आमच्याकडून 84,500 रुपये घेतले आणि तिची चालू असलेली औषधे बंद करायला लावली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे वकिलांच्या सल्ल्यावरून केंद्राचे नाव येथे देत नाही, पण त्यांची पद्धत सविस्तर लिहितो, कारण पाटी बदलली तरी पद्धत बदलणार नाही.

हा आजार फार थोड्यांना होतो, आणि आमच्या तालुक्यात तो कुणी ओळखला नाही. सुरुवातीला तिला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागे, मग वेणी घालायला हात वर जाईना, आणि पुढे फडताळातला डबाही काढता येईना. पापण्यांवर जांभळट छटा आली आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे उठले. एका ठिकाणी अशक्तपणा म्हणून सलाइन लावले. दुसऱ्या ठिकाणी रक्तातले एसजीओटी आणि एसजीपीटी हे घटक वाढलेले पाहून काविळीचे औषध दिले. हे घटक यकृताप्रमाणे इजा झालेल्या स्नायूंतूनही रक्तात उतरतात, हे तिथे कुणाच्या ध्यानात आले नाही. शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या संधिवाततज्ज्ञांनी सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी साधी रक्ततपासणी करायला सांगितली. स्त्रियांमध्ये ती साधारण दोनशेच्या आत असते, तिची 7,240 आली. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते, त्यामुळे खांदे, मांड्या आणि कंबर यांचे स्नायू आधी जातात, पुढे गिळण्याचे स्नायू आणि फुप्फुसेही तडाख्यात सापडू शकतात, हे त्यांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावले. मोठ्या वयात हा आजार झाल्यास त्यामागे कधी कधी कर्करोग लपलेला असतो, म्हणून त्याही तपासण्या करून घेतल्या. त्यात काही निघाले नाही.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 40 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड असे उपचार सुरू झाले. सीपीके 1,310 पर्यंत उतरले. परंतु तिची साखर 286 वर गेली, चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला, आणि दारात येणारी प्रत्येक बाई ‘इंग्रजी गोळ्यांनी अंग फुगलं’ असे तिच्या तोंडावर बोलू लागली. दर वेळी संभाजीनगरला जायचे म्हणजे शाळेतून बिनपगारी रजा, कारण माझी नोकरी विनाअनुदानित शाळेतली आहे. ज्यांनी ही परिस्थिती घरात पाहिलेली नाही, त्यांनी ‘शिकलेला माणूस तिकडे गेलाच कसा’ हा प्रश्न मला विचारू नये. आम्ही अंधश्रद्धेपोटी गेलो नव्हतो. स्टेरॉइडला काही पर्याय आहे का, हे शोधत गेलो होतो, आणि हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला पडतो. पर्याय खरोखर आहेत. मेथोट्रेक्सेट आणि अझाथायोप्रिन स्टेरॉइडचा डोस कमी करता यावा म्हणूनच देतात. मात्र ते बदल तुमच्याच तज्ज्ञाकडून करून घ्यायचे असतात.

केंद्रात पहिल्याच दिवशी नोंदणीचे 2,500 रुपये घेतले. सहा महिन्यांच्या कोर्सचे 48,000 रुपये एकरकमी मागितले. हमीभाव 4,892 रुपये जाहीर झालेला असताना मी बारा क्विंटल सोयाबीन 4,150 च्या भावाने व्यापाऱ्याला दिले आणि त्या 49,800 रुपयांतून ही रक्कम भरली. पुढे ‘खास जर्मन’ बाटल्यांचे 27,600 आणि त्यांच्याच खोलीत रक्त काढून केलेल्या तपासण्यांचे 6,400 गेले. पावती मागितली तेव्हा मिळाली, पण तिच्यावर औषध किंवा उपचार हा शब्द कुठेही नव्हता, ‘आरोग्य व पोषण सल्ला’ असे छापलेले होते. त्या चार शब्दांनी पुढे आमची प्रत्येक तक्रार अडवली. पावतीवर काय लिहिले आहे ते पैसे देण्यापूर्वी वाचा.

तिथला माणूस अतिशय गोड बोलणारा होता. ‘गुरुजी, ताईंचा आजार तुम्ही दाबून ठेवलाय, आपल्याला तो बाहेर काढायचाय. आधी त्या स्टेरॉइडच्या गोळ्या बंद करा,’ असे तो म्हणाला आणि तेही एका झटक्यात बंद करायला लावले. प्रेडनिसोलोन काही आठवडे घेतल्यावर मूत्रपिंडावरील ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी करतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवायचे असते. एकाएकी थांबवले तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. जो कोणी तुम्हाला स्टेरॉइड आजपासून बंद करा म्हणेल, त्याच्यासमोरून त्याच क्षणी उठा. पत्नीला उलट्या आणि चक्कर सुरू झाल्यावर आम्ही फोन केला, तेव्हा ‘औषध लागू पडल्याची ही खूण आहे’ असे उत्तर मिळाले.

आता तो दिवस, ज्याचा विचार मनात आला की आजही माझा संताप आवरत नाही. पत्नी त्या माणसासमोर पाणी पीत होती. पाणी घशात अडकले, तिला जोराचा ठसका लागला आणि पाणी नाकावाटे बाहेर आले. गिळण्याचे स्नायू गेल्याचे हे उघड लक्षण होते. त्याने शांतपणे फाइलमध्ये काहीतरी लिहिले आणि आम्हाला सांगितले की रोग वरून खाली उतरू लागला आहे, होमिओपॅथीचा हा नियमच आहे. होमिओपॅथीत असा नियम सांगितला जातो हे खरे आहे: आजार वरून खाली आणि आतून बाहेर जातो तेव्हा रुग्ण बरा होत असतो, असे हेरिंग या होमिओपॅथच्या नावाने शिकवतात. त्याची सोय अशी की रुग्ण सुधारला तर औषधाचा गुण आणि बिघडला तरी औषधाचाच गुण, औषध चुकले असे म्हणण्याची वेळ कधी येतच नाही. त्याच टेबलावर त्याच दिवशी त्याने सीपीके 164 असल्याचा अहवाल ठेवला. जी बाई दोन माणसांच्या आधाराशिवाय खुर्चीवरून उठू शकत नव्हती आणि जिला पाणी गिळता येत नव्हते, तिचे स्नायू निरोगी असल्याचे तो कागद सांगत होता. त्यावर प्रयोगशाळेचे नाव नव्हते, पॅथॉलॉजिस्टची सही किंवा नोंदणी क्रमांक नव्हता, आकड्यापुढे एककही नव्हते. केंद्राचे लेटरहेड मात्र रंगीत होते.

मी त्या कागदावर विश्वास का ठेवला, याला कारण आहे. आकडा आधी उतरतो आणि ताकद नंतर येते, असे संभाजीनगरच्या डॉक्टरांनीच आम्हाला सांगितले होते, आणि ते खरेही आहे. त्या खऱ्या माहितीचाच या माणसाने वापर करून घेतला. आधीचा 1,310 हा आकडादेखील स्टेरॉइडमुळे उतरला होता, पण त्याने तो स्वतःच्या फाइलवर ‘उपचारांचा परिणाम’ म्हणून उतरवून घेतला. असे आजार असणाऱ्यांनी तपासणी नेहमी बाहेरच्या, पॅथॉलॉजिस्टची सही असलेल्या प्रयोगशाळेत करावी आणि जुने अहवाल कुणालाही मूळ प्रतीत देऊ नयेत.

त्या बाटल्यांवर ‘कॉस्टिकम 200’ असे हाताने लिहिलेले होते. मी नववीला विज्ञान शिकवतो, त्यामुळे ही पोटेन्सी म्हणजे काय ते मला घरी बसून मांडता आले. मूळ द्रव्याचा एक भाग नव्याण्णव भाग द्रावकात मिसळायचा, आणि हीच क्रिया दोनशे वेळा करायची. एका मोलमध्ये 6.022 × 10²³ रेणू असतात, म्हणजे साधारण बाराव्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याचीही शक्यता संपत जाते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही, असा निष्कर्ष दिला. ‘इंग्रजी औषधात यावर काही नाही’ हे नेहमी ऐकवले जाणारे वाक्य मात्र साफ खोटे आहे. याच आजारासाठी शिरेतून देण्याच्या इम्युनोग्लोब्युलिनला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळालेली आहे.

तेच इंजेक्शन शेवटी आम्हाला घ्यावे लागले. श्वास लागू लागल्यावर तिला संभाजीनगरला भरती केले, तेव्हा सीपीके 9,860 होते. वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम या हिशेबाने इम्युनोग्लोब्युलिनचेच 1,86,000 रुपये झाले. जीव वाचला. पण दाह चालू राहिला की स्नायूंच्या जागी हळूहळू चरबी भरते आणि तो भाग पुन्हा कामाला येत नाही, हे एमआरआयमध्ये डॉक्टरांनी दाखवले. 84,500 रुपये मी एखाद्या हंगामात भरून काढीन. मांड्यांचे ते स्नायू कुठून आणू?

आणि ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याविषयी काय सांगावे! पोलिसांनी अर्ज घेतला, पण गुन्हा नोंदवला नाही. डॉक्टरच्या निष्काळजीपणाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल आहे, तज्ज्ञ डॉक्टरांचे मत आणा, असे सांगितले. तो निकाल प्रामाणिकपणे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नाहक त्रास होऊ नये म्हणून आहे. खोटा अहवाल बनवून पैसे घेणे ही फसवणूक आहे आणि तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, हे मी उभ्याउभ्या सांगितले, पण लिहून घ्यायला कुणी पेन उचलले नाही. औषध खात्याच्या कार्यालयात, बाटलीवर उत्पादकाचे नावच नसल्यामुळे कारवाई कुणावर करायची, असा उलट प्रश्न मला विचारण्यात आला. बाटलीवर नाव नाही हाच माझा आरोप होता! नोंदणी पाहणाऱ्या परिषदेने कळवले की पाटीवरचे डॉक्टर नोंदणीकृत आहेत, आणि तुम्हाला तपासणारा माणूस कोण ते तुम्हीच पुराव्यासह सांगा. म्हणजे चौकशी करायची तीही रुग्णाच्या नवऱ्याने. 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने पक्षाघात, संधिवात यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिराती करायला बंदी आहे, तरी त्या केंद्राचा ‘लुळेपणा, संधिवात, स्नायूरोग हमखास बरे’ असा फलक बसस्थानकासमोर उभा आहे आणि हे सगळे अधिकारी रोज त्याच्यासमोरून जातात.

राहिला ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आमच्या तक्रारीत समोरच्या वकिलाचा एकमेव मुद्दा ‘आम्ही फक्त पोषण सल्ला दिला’ हा आहे. त्याला खोडून काढायला फोनवरील संदेश, हाताने लिहिलेल्या बाटल्या, लेटरहेडवरचा तो अहवाल आणि गोळ्या बंद करण्याची चिठ्ठी आम्ही दाखल केली आहे. ज्यांच्या घरी ‘आरोग्य व पोषण सल्ला’ असे छापलेली अशीच पावती आणि हाताने नाव लिहिलेल्या अशाच बाटल्या पडून आहेत, त्यांनी त्या फेकू नयेत. पावतीवरची तारीख पाहावी आणि दोन वर्षे उलटण्याआधी आपापल्या जिल्हा आयोगात स्वतंत्र तक्रार दाखल करावी.