घरी ‘रविवर्मा’ हवाय: चित्रशाळेतलं तैलचित्र की छापखान्यातला ओलिओग्राफ?

राजा रविवर्मांनी स्वतः रंगवलेलं, पुराव्यानिशी सिद्ध झालेलं तैलचित्र कोटींच्या घरात जातं. ते बाजूला ठेवू. आपल्यासारख्यांसमोर उरतात दोन वाटा: ‘रविवर्मांच्या चित्रशाळेतलं’ म्हणून दाखवलं जाणारं तैलचित्र, किंवा जुना ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं रंगीत छापील चित्र.

चित्रशाळा म्हटल्यावर नाक मुरडायचं कारण नाही. धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर फिरले, एकाच चित्रावर दोघांनी काम केलं. धाकट्यांचा जीव निसर्गचित्रात. अनेक चित्रांतल्या मागच्या डोंगर-झाडांत त्यांचा हात आहे आणि मला त्या भागात मोकळी हवा खेळताना दिसते. भावाचा कुंचला लागला म्हणून चित्र कमअस्सल ठरत नाही.

अडचण निराळी आहे. ओलिओग्राफ घरोघरी पोचल्यावर गावोगावच्या चित्रकारांनी ते समोर ठेवून तैलचित्रं केली. त्यांतली काही सुंदरही आहेत, पण चित्रशाळेशी त्यांचा संबंध नाही. चित्र कुठून निघालं, कुणाकुणाकडे गेलं, याची कागदोपत्री साखळी नसेल तर मी ते घेणार नाही. सही असली तरी नाही. सही मागाहून घालता येते.

ओलिओग्राफचं तसं नाही. रविवर्मांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, 1899 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. इथंही मदतनिसांचेच हात: मूळ चित्र पाहून प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड, त्यावर हातानं घातलेले बारीक ठिपके. भिंग लावा, ठिपके दिसतात. खालच्या कडेला छापखान्याचं नाव आणि गाव असतं. मुंबईचा उल्लेख असेल तर छपाई बहुधा आधीची. चौकटीत बसवताना ही कड अनेकदा कापली गेलेली असते, म्हणून चित्र चौकटीबाहेर काढूनच पाहा. जरी-टिकल्या चिकटवलेली प्रत मिळाली तर सोडू नका, ती ज्या घरात होती तिथल्या बाईचा हात त्यात आहे.

माझा कौल ओलिओग्राफला, कड शाबूत असलेल्या.

परदेशात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. रविवर्मांची चित्रं 1979 पासून राष्ट्रीय कलानिधी आहेत, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंनाही कायद्याचं बंधन आहे, त्यामुळे ओलिओग्राफ सामानात टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.