कट की लाँग टेक?

मीडिया स्टडीज नवीन घेतलेल्या पोरांनी हे दोन आधी नीट समजून घ्या बाबांनो.

कट म्हणजे एक शॉट तोडून त्याला दुसरा जोडणं. त्याची ताकद म्हणजे रशियाच्या दिग्दर्शक लेव कुलेशोवचा १९२०च्या आसपासचा प्रयोग, नटाचा एकच निर्विकार चेहरा, शेजारी एकदा सूप, एकदा शवपेटी, आणि बघणाऱ्याला वाटतंय गडी एकदा भुकेला, एकदा दुःखी! म्हणजे अर्थ दोन शॉटच्या जोडात तयार होतोय. आपल्या सिरीयल त्यावरच चालतात, सासू एक वाक्य बोलली की घरातल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून.

लाँग टेकमध्ये कट न मारता एकच शॉट बराच वेळ चालतो, नजर कुठं न्यायची ते आपण ठरवायचं. चैतन्य ताम्हाणेचा २०१४चा 'कोर्ट' सिनेमा बघा, लांबून, शांत. नाहीतर बेळगावात खडेबाजारात मोबाईल दोन मिनिटं न हलवता धरा, भाजीवाली मावशी मराठीत भाव सांगतीय, गिऱ्हाईक कन्नडात घासाघीस करतंय, आणि हातातली मेथीची पेंडी खाली न ठेवताच मावशी कन्नडवर जाते. तिथं कट मारला तर भाषा बदलायची ती घडीच गेली की!

मला विचाराल तर आपल्या सीमाभागातली माणसं दाखवायला लाँग टेकच खरा, पण अॅनालिसिस शिकायला सुरुवात कटपासून करा, सिरीयलचा एक सीन घ्या आणि कट मोजा.