दोन दिवसांत आराम देणारं मलम

मलम लावायला लागलो आणि दोन दिवसांत लाली उतरली, खाज थांबली. एवढा आराम पडल्यावर संशय येणार तरी कसा? मी त्या माणसाचे आभार मानले आणि पुढच्या महिन्याचे पैसेही पाठवून दिले. मी फसलो तो त्या आरामामुळेच.

लिंगाच्या टोकावर लाल चट्टे होते, खाज होती, लघवी करताना चुरचुरायचं आणि पुढची कातडी मागे घेतली की आत पांढरट साका दिसायचा. शिस्नमुंडाला येणाऱ्या या सुजेला बॅलनायटिस म्हणतात आणि ती पुष्कळ पुरुषांना होते, हे तेव्हा माहीत नव्हतं. गुप्तरोग झाला, एवढंच डोक्यात बसलं. बायकोला काय सांगायचं, डॉक्टरसमोर कपडे कसे उतरवायचे, या विचाराने झोप उडाली होती. अशाच एका रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली. नाव गुप्त, तपासणीची गरज नाही, औषध घरपोच. मी फोन केला.

पलीकडचा माणूस फार आपुलकीने बोलला. स्वतःला वैद्य म्हणवत होता. नोंदणी आहे का, हे मी विचारलं नाही. त्याने फोटो मागितला, मी पाठवला. फोटो पाहून ‘आतली उष्णता आणि जुनी कमजोरी’ असं निदान केलं. मग बिननावाची मलमाची डबी आणि कसल्याशा पुड्या आल्या. शिवाय रोज चार वेळा साबणाने धुवायला सांगितलं.

मलम संपलं की आठवड्यात सगळं परत यायचं, आणि दर वेळी आधीपेक्षा वाईट. ‘विष बाहेर पडतंय, आता सोडाल तर मुळाशी राहील,’ असं म्हणून तो पुढचा, आणखी महागडा कोर्स गळ्यात मारायचा. असे पाच महिने गेले. कातडी पातळ होऊन तिला चिरा पडल्या, ती मागे घेताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी मी पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं, तेव्हा त्याचा सूरच बदलला. ‘तुमचा फोटो आमच्याकडे आहे, विसरू नका.’

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. तिलाही दोन महिन्यांपासून खाज होती. तीही लाजेने गप्प होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. ज्या तपासणीला मी पाच महिने घाबरत होतो, ती काही मिनिटांत उरकली. त्यांनी स्रावाचा नमुना घेतला आणि रक्तातली साखर तपासायला सांगितली. नमुन्यात कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (HbA1c चा) आकडा आला 9.2 टक्के. साडेसहापासून पुढे मधुमेह धरतात. रक्तातली त्या वेळची साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या (100 मिलिलिटर रक्तात) वर गेली की ती लघवीत उतरते, कातडीखालच्या ओलाव्यात बुरशीला आयतं खाद्य मिळतं. माझा मधुमेह त्या फोटोत दिसणारच नव्हता.

मलमाबद्दल डॉक्टर म्हणाले, ‘डबीवर घटक लिहिलेले नाहीत, पण कातडी पाहता यात तीव्र स्टिरॉइड असणार.’ स्टिरॉइड सूज आणि लाली दाबतं, म्हणून लगेच बरं वाटतं. पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते, बुरशी आतल्या आत फोफावते आणि कातडी झिजते. सौम्य स्टिरॉइड काही रुग्णांना डॉक्टर स्वतःही देतात, मात्र कारण ओळखून आणि मोजक्या दिवसांसाठी. माझा राग आहे तो ते लपवून विकणाऱ्यावर.

खरा उपचार अगदी साधा निघाला. क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाचं मलम दिवसातून दोनदा, दोन आठवडे. साबण पूर्ण बंद, फक्त कोमट पाण्याने धुवायचं आणि अलगद टिपून कोरडं करायचं. बायकोवरही उपचार झाले, माझ्या साखरेची गोळी सुरू झाली. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी लघवीवाटे साखर काढून टाकणारी औषधं घेणाऱ्यांना हा संसर्ग जास्त होतो, हेही तेव्हाच कळलं. ती घेत असाल तर आपल्या डॉक्टरांना हा त्रास सांगा, औषध मनाने बंद करू नका.

माझं औषध पाहून तुम्ही तेच आणू नका, ही कळकळीची विनंती. हाच लालपणा साबणाने येतो, कंडोमच्या रबराच्या ॲलर्जीने येतो, जिवाणूंनी, लैंगिक संसर्गाने किंवा त्वचेच्या वेगळ्याच आजाराने येतो, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. बरा न होणारा चट्टा किंवा जखम असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो, कारण क्वचित तो कर्करोगही असतो. आणि मागे गेलेली कातडी अडकून पुढे येत नसेल किंवा लघवी तुंबली असेल, तर सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

धमकीचे मेसेज मी पुसले नाहीत. पैसे पाठवल्याच्या नोंदींसह ते पोलिसांकडे दिले आहेत, आणि ती बिननावाची डबीसुद्धा.