जँगोची युजर-व्यवस्था: वाचनालयाच्या देवघेव काउंटरवर सात-आठ महिने

आमच्या तालुक्याच्या गावातल्या शासनमान्य वाचनालयाचं कामकाज गेले सात-आठ महिने जँगो ५.२ वर (जँगो म्हणजे पायथॉन भाषेत वेबसाइट बांधायची तयार चौकट) चाललं आहे. पुस्तकांची देवघेव, वर्गणी, अनामत, विलंब शुल्क आणि सभासदांना घरून पुस्तक राखून ठेवायची सोय, एवढा त्याचा पसारा. पूर्ण जँगोबद्दल मी इथे लिहीत नाही. कोणाचं खातं कसं उघडायचं आणि कोणाला काय करू द्यायचं, तेवढ्याच भागाचा हा अनुभव. काम करताना सगळ्यात जास्त डोकं तिथेच लागलं.

आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांचं टेबल वेगळं, कर्मचाऱ्यांचं वेगळं आणि 'अॅडमिन' म्हणून तिसरंच होतं. आता आमचे कार्यवाह हे आजीव सभासदही आहेत आणि दर आठवड्याला दोन कादंबऱ्या घरी नेतात. म्हणजे एका माणसाची दोन खाती, दोन पासवर्ड, आणि मोबाइल नंबर बदलला की एका ठिकाणी नवा, दुसरीकडे जुना. ग्रंथपालबाईंचंही तेच. स्वतःच्या नावावर पुस्तक घ्यायचं तर आधी लॉगआउट करा, मग सभासद म्हणून लॉगिन करा. छोट्या गावातल्या संस्थेत एकच माणूस चार टोप्या घालतो, हे त्या सॉफ्टवेअरला मान्यच नव्हतं.

नवीन काम सुरू करताना कार्यकारी मंडळाने सभासदांच्या आणि इतरांच्या 'प्रकारां'ची यादी हातात दिली: आजीव सभासद, वार्षिक सभासद, बालसभासद, ग्रंथपाल, सहायक, कार्यवाह, कोषाध्यक्ष, लेखापरीक्षक. प्रत्येक प्रकारासाठी एक क्लास लिहायचा मोह होतो, आणि मल्टी-टेबल इनहेरिटन्स (मूळ टेबलाला जोडलेलं प्रत्येक प्रकाराचं वेगळं टेबल) वापरून जँगोत तो सहज लिहिताही येतो. पण यादी जरा निरखून पाहिली तर तिच्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. आजीव की वार्षिक, हा वर्गणीचा प्रश्न आहे. त्यावरून फक्त किती पुस्तकं आणि किती पैसे हे ठरतं. ग्रंथपाल किंवा कोषाध्यक्ष ही जबाबदारी आहे, आज आहे, उद्या दुसऱ्याकडे जाईल. आणि बालसभासद म्हणजे ज्याच्या खात्यामागे पालक हवा असा माणूस.

म्हणून मांडणी अशी केली. लॉगिनसाठी एकच युजर मॉडेल (मॉडेल म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलाचं कोडमधलं वर्णन). त्याला वन-टू-वन (एकास एक) जोडलेलं सभासदत्वाचं मॉडेल, त्यात वर्गणीचा प्रकार, अनामत आणि पालकाचा दुवा. जबाबदाऱ्या मात्र जँगोच्या ग्रुपमध्ये, म्हणजे परवानग्या एकत्र दिलेल्या गटांत. निवडणूक होऊन मंडळ बदललं की जुन्या कार्यवाहांना ग्रुपमधून काढायचं, नव्यांना घालायचं, झालं. जुने कार्यवाह दुसऱ्या दिवशी सभासद म्हणून पुस्तक नेतात, त्यांच्या नावावरची जुनी देवघेव जागच्या जागी असते. या एका गोष्टीसाठी मी जँगोला पैकीच्या पैकी गुण देईन.

इथे एक आगाऊ सूचना. स्वतःचं युजर मॉडेल पहिल्या मायग्रेशनच्या (मॉडेलप्रमाणे डेटाबेसची टेबलं बनवायच्या पायरीच्या) आधी लिहा, त्यात तूर्त एकही जादा फील्ड नसलं तरी. ही सोय २०१३ सालच्या १.५ आवृत्तीपासून आहे आणि जँगोची अधिकृत मार्गदर्शिकाही ते पहिल्या मायग्रेशनआधीच ठरवायला सांगते. एकदा डेटाबेसमध्ये देवघेवीच्या नोंदी जुन्या युजर टेबलाकडे बोट दाखवू लागल्या की मॉडेल बदलणं म्हणजे हाताने फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे) जुळवत बसणं.

लॉगिनचं नाव काय ठेवायचं यावर बरीच चर्चा झाली. मंडळाला मोबाइल नंबर हवा होता. पण बालविभागातल्या दोन भावंडांचा आणि त्यांच्या वडिलांचा नंबर एकच असतो, आणि लॉगिनचं फील्ड तर युनिक (प्रत्येकाचं वेगळं) हवं. म्हणून सभासद क्रमांक ठेवला. तो कार्डावर छापलेला असतो, बदलत नाही, आणि आमच्याकडे लोकांना तोंडपाठ असतो.

तरीही पहिल्याच आठवड्यात एक आजी काउंटरवर फोन घेऊन आल्या. "अहो, नंबर बरोबर टाकलाय, पासवर्ड बरोबर टाकलाय, तरी हे चूकच म्हणतंय." स्क्रीनवर खरंच बरोबर नंबर होता, फक्त देवनागरी अंकांत. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. जँगो युजरनेमवर युनिकोडचं एनएफकेसी नॉर्मलायझेशन करतो (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणतो), पण त्याने देवनागरी '४' चा रोमन '4' होत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन स्वतंत्र चिन्हं आहेत. उपाय एका ओळीचा निघाला. पायथॉनचं 'इंट' फंक्शन देवनागरी अंकही वाचतं, म्हणून लॉगिन फॉर्ममध्ये क्रमांक त्यातून काढून पुन्हा स्ट्रिंग केला. आमच्या क्रमांकांत सुरुवातीला शून्य नाही म्हणून हे चाललं. तुमच्याकडे असेल तर ते शून्य गळून पडेल, तेवढं बघा.

आता परवानग्या. प्रत्येक मॉडेलसाठी जँगो चार परवानग्या आपणहून तयार करतो: नवीन घालणे, बदलणे, काढणे, पाहणे. यातली 'पाहणे' ही २०१८ च्या २.१ आवृत्तीत आली, आणि लेखापरीक्षकांसाठी आम्हाला नेमकी तीच हवी होती. त्यांना पावत्या आणि जमाखर्च दिसतो, हात लावता येत नाही. शिवाय 'विलंब शुल्क माफ करणे' अशी आमची स्वतःची परवानगी मॉडेलच्या मेटामध्ये (मॉडेलविषयीच्या सूचनांच्या भागात) लिहिली. मायग्रेट केल्यावर ती यादीत येते आणि ग्रुपला देता येते. माफीचा अधिकार ग्रंथपालांना असावा की फक्त कार्यवाहांना, यावर मंडळाची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. कोडमध्ये काही बदलावं लागलं नाही, ग्रुपच्या पानावर एक परवानगी इकडून तिकडे केली.

'इज-स्टाफ' या झेंड्याचं (खात्यावरच्या हो-नाही खुणेचं) नाव मात्र फसवं आहे. नावावरून वाटतं की हा कर्मचारी आहे म्हणजे त्याला कामाचे अधिकार मिळाले. प्रत्यक्षात तो फक्त अॅडमिनच्या, म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापन-पानांच्या, दारातून आत सोडतो. आत गेल्यावर परवानगी नसेल तर तुम्हाला काहीच पाहायची मुभा नाही, असं सांगणारं रिकामं पान दिसतं. आमच्याकडे उलटंही आहे. लेखापरीक्षक कर्मचारी नाहीत, पण अॅडमिनमध्ये यायचं म्हणून त्यांचा झेंडा चालू. आणि सुपरयुजर होऊन तपासणी करायची सवय असेल तर ती सोडा. सुपरयुजरला प्रत्येक परवानगीचं उत्तर 'हो' असंच मिळतं, त्यामुळे परवानग्यांमधला घोळ त्याला कधीच दिसणार नाही. आम्ही प्रत्येक ग्रुपचा एक खोटा सभासद करून ठेवलाय, तपासणी त्याच्या नावाने होते.

सगळ्यात गंभीर जागा वेगळीच आहे. नवीन सभासदांची नोंद ग्रंथपाल करतात, म्हणून त्यांना अॅडमिनमध्ये युजर 'घालणे' आणि 'बदलणे' या परवानग्या द्याव्यात असं साहजिकच वाटतं. पण युजर बदलता येतो याचा अर्थ 'सुपरयुजर' ही टिकही करता येते, स्वतःच्या खात्यावरसुद्धा. जँगोच्या मार्गदर्शिकेत याचा स्पष्ट इशारा आहे, पण घाईत तो कोण वाचतो! आमच्या ग्रंथपालबाईंवर अविश्वास नाही, पण काउंटरवरचा संगणक उघडाच राहतो. म्हणून युजर टेबल अॅडमिनमध्ये सुपरयुजरशिवाय कोणालाच दिसत नाही. सभासद नोंदणीचं पान वेगळं लिहिलं आणि त्यात झेंडे, ग्रुप, परवानग्या यांतलं काहीच ठेवलं नाही.

दुसरी उणीव म्हणजे परवानगी मॉडेलपुरती असते, एकेका नोंदीपुरती नाही. 'सभासदाने फक्त आपली देवघेव पाहावी' हे ग्रुपने सांगता येत नाही. परवानगी तपासणाऱ्या फंक्शनला नोंद देता येते, पण मूळ बॅकएंड (परवानग्या तपासणारा जँगोचा आतला भाग) अशा वेळी सरळ नकार देतो. त्यासाठी जँगो-गार्डियन नावाचं पॅकेज आहे. आम्ही घेतलं नाही. क्वेरीच (डेटाबेसकडे केलेली नोंदींची मागणी) लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने गाळली, आणि पालकाला मुलांच्याही नोंदी दिसतील एवढी एक अट जोडली. वाचनालयाला एवढं पुरतं. दस्तऐवज वाटून घेणारं मोठं कार्यालय असेल तर पुरणार नाही.

५.१ मध्ये आलेलं लॉगिन-रिक्वायर्ड मिडलवेअर (पान उघडण्याआधी प्रत्येक विनंती तपासणारा थर) छान आहे. सगळी साइट आपोआप कुलूपबंद होते आणि ग्रंथसूची, संपर्क अशी पानं तेवढी मोकळी करायची. ग्रुपला मुदत घालता येत नाही, याची मात्र चुटपुट आहे. लेखापरीक्षकांचं खातं तपासणी संपली की हाताने बंद करावं लागतं. बंद म्हणजे 'अॅक्टिव्ह' काढणं, खातं उडवणं नव्हे. उडवलं तर त्याच्याशी जोडलेल्या नोंदींचं काय, हा नवा प्रश्न उभा राहतो.

पासवर्ड विसरण्याचं प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही. जँगोची तयार सोय ईमेलवर चालते. आमच्या निम्म्याअधिक ज्येष्ठ सभासदांना ईमेल नाही, आणि ज्यांचं खातं काउंटरवर पासवर्डशिवाय उघडलं त्यांना ती सोय मेल पाठवतही नाही. पान मात्र सगळ्यांना मेल पाठवल्याचंच सांगतं. ते सुरक्षेसाठी योग्यच आहे, कोणाचं खातं आहे नि कोणाचं नाही हे बाहेरच्याला कळू नये. पण मग लोक मेलची वाट पाहतात आणि शेवटी काउंटरवर येतात. म्हणून नवा पासवर्ड देण्याची परवानगी देवघेव सहायकाला दिली. लगेच लक्षात आलं की माणूस एक, खातं एक या मांडणीत सहायक कार्यवाहांचाही पासवर्ड बदलू शकेल आणि त्यांच्या नावाने विलंब शुल्क माफ करू शकेल. सध्या त्या पानावर एक अट आहे: समोरचं खातं कोणत्याही ग्रुपमध्ये असेल, किंवा त्याला स्टाफ वा सुपरयुजरचा झेंडा असेल, तर काउंटरवरून पासवर्ड बदलत नाही, ते काम फक्त सुपरयुजर करतो. कार्यवाहांना हे आवडलेलं नाही. पासवर्ड तेच सगळ्यात जास्त विसरतात.