क्लोरीनची गोळी (६७ मिलिग्रॅम): त्सुनामीनंतरच्या टोंगात कितपत कामाची?

५ पैकी ३.५ तारे, तेही पाण्याचा गढूळपणा आधी काढला तरच.

टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात बहुतेक घरांचं पिण्याचं पाणी म्हणजे छपरावरून पन्हळीने टाकीत उतरलेला पाऊस. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखी फुटला. त्याच पन्हळींतून राख आली, किनाऱ्याकडे समुद्र आत घुसला. अशा पाण्यातले जंतू मारायला ही गोळी उपयोगी, पण मर्यादेत.

एक गोळी २० लिटर स्वच्छ पाण्याला. पूर्ण विरघळवून ढवळा, झाकण लावून ३० मिनिटं थांबा. राखेचं पाणी थेट घेतलंत तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू तसेच राहतात. म्हणून रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी हलक्या हाताने ओता, चौपदरी सुती कापडातून गाळा. तरीही गढूळ दिसलं तर दोन गोळ्या. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलका वास यायलाच हवा; वास नाही म्हणजे मात्रा कमी पडली.

स्ट्रिप फाटली की गोळी दमट हवेत फुगते, ती फेकाच. आणि हो, गोळी गिळायची नसते. पाकिटावर हे चित्राने दाखवायला हवं.

मुख्य उणीव मिठाची. खारं पाणी गोळीने गोडं होत नाही, राखेतलं फ्लोराइडही जात नाही. समुद्राचं पाणी शिरलेली टाकी उपसून, धुऊनच भरावी लागते. तोवर बाहेरून पाणी हवंच. न्यूझीलंडच्या नौदलाचं 'आओटेआरोआ' जहाज तेव्हा अडीच लाख लिटर पाणी घेऊन गेलं होतं.