राईट ब्रेन, बोटांचे ठसे, मार्क की मुलीचं स्वतःचं म्हणणं? अकरावीची साईड ठरवताना कशाचं किती ऐकायचं

दहावीचा निकाल लागला की नातेवाइकांचे फोन मला सुरू होतात, कारण घराण्यात शिकवण्या घेणारी मी एकटी, त्यामुळे हिला सगळं माहीत असणार असं सगळ्यांना वाटतं. यंदा फोन ताईचा होता. भाचीला मराठीत ९१, सायन्सला ८१, गणितात ७८, आणि तिने जाहीर करून टाकलंय की "मावशी, मी राईट-ब्रेन आहे गं, गणित माझा प्रांतच नाही, मी आर्ट्सला जाणार." भावोजींना सायन्स हवंय. ताईला फक्त घरात शांतता हवीये.

मला आर्ट्सबद्दल काहीच म्हणायचं नाही, जाऊ दे की. मला खटकलं ते कारण, म्हणजे उजवा मेंदू वरचढ असलेली माणसं सर्जनशील आणि कलेची, डावा वरचढ असलेली हिशोबी आणि विश्लेषण करणारी, ही समजूत. म्हणून या निर्णयासाठी लोक ज्या ज्या गोष्टींचा आधार घेतात त्या मी शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या, ज्यांच्या घरी सध्या हेच चाललंय त्यांना उपयोग होईल म्हणून इथे टाकतेय.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ती ऑनलाईन क्विझ आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी गोल गोल नाचणारी काळी बाई. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरताना दिसली तर तुम्ही राईट-ब्रेन, उलटी दिसली तर लेफ्ट. हे चित्र नोबुयुकी कायाहारा नावाच्या जपानी वेब डिझायनरने २००३ मध्ये केलं आणि तो निव्वळ दृष्टिभ्रम आहे, सावलीसारख्या आकृतीत पुढचं काय आणि मागचं काय हे कळायला काही खूणच नसते, मग डोकं आपलं आपण एक दिशा धरून टाकतं. भाचीला आधी सुलटी दिसली, चहा पिऊन आल्यावर उलटी. आता चहाने मेंदूची बाजू बदलली म्हणायचं का?

पण ही कल्पना अगदी हवेतून आलेली नाही, हेही खरं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये दाखवलं की मेंदूच्या डाव्या पुढच्या भागाला इजा झाली की बोलणं जातं. मग १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉजर स्पेरी आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल गझॅनिगा यांनी अशा पेशंटवर काम केलं ज्यांची अपस्मारासाठी मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा जाड पट्टाच, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, कापण्याची सर्जरी झाली होती. जवळपास २० कोटी तंतू असतात त्या पट्ट्यात. अशा पेशंटला नजरेच्या डाव्या बाजूला क्षणभर चमचा दाखवला तर ते चित्र फक्त उजव्या मेंदूत जातं, बोलणं मात्र डाव्याकडे, म्हणून तो तोंडाने म्हणतो "काही दिसलं नाही", आणि त्याच वेळी उजव्या मेंदूच्या ताब्यातला डावा हात पडद्याआड चाचपडून नेमका चमचा उचलतो! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. आता गंमत बघा, हे सगळं ज्यांचा पट्टा कापलाय त्यांच्याबद्दल आहे. तुमच्या-माझ्या मुलांचा पट्टा शाबूत आहे आणि दोन्ही बाजू सतत एकमेकींशी बोलतायत. काही कामं एका बाजूला जास्त होतात हे खरं, पण त्यावरून अख्खा माणूस डावा किंवा उजवा कसा काय होईल?

युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांचे ब्रेन स्कॅन तपासले, एखाद्या माणसाची एकच बाजू सगळीकडे वरचढ आहे असं काही त्यांना सापडलं नाही. आणि विषयांची वाटणी करायला गेलात तर अजूनच गोंधळ. भाषा बहुतेकांची डाव्या बाजूला, म्हणजे कविता आणि निबंध डावीकडे जायला हवेत, पण क्विझवाले ते उजवीकडे टाकतात. आकृती मनात फिरवून बघणं यात उजव्या बाजूचं काम बरंच, पण भूमिती मात्र क्विझवाले डावीकडे टाकतात. म्हणजे बीजगणिताचा पेपर एका मेंदूने द्यायचा आणि भूमितीचा दुसऱ्या?

शिक्षकच हे सांगतात म्हणून मुलं धरून बसतात, हाही एक भाग आहे. २०१२ च्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या ९१ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ८६ टक्के शिक्षकांना वाटत होतं की मुलांमधला फरक डाव्या-उजव्या मेंदूवरून समजतो. आपल्याकडच्या स्टाफरूममध्ये वेगळं चित्र असेल असं मला तरी वाटत नाही, मी स्वतः दहा वर्षांपूर्वी मुलांना हेच ऐकवायचे.

आता बोटांच्या ठशांची टेस्ट, तिला डीएमआयटी म्हणतात. ताईच्या सोसायटीत एकांनी स्टॉल लावला होता, साडेसहा हजार फी, दहा बोटं मशीनवर ठेवायची आणि चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट. ताईने केली. रिपोर्टमध्ये आलं राईट ५३ टक्के, लेफ्ट ४७ टक्के. अगं, म्हणजे त्यांच्याच हिशोबाने पोरगी जवळपास निम्मी-निम्मी निघाली, त्यासाठी साडेसहा हजार? बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या आसपास पक्क्या होतात आणि मग जन्मभर तशाच राहतात, त्यावरून मूल पंधराव्या वर्षी अकाउंट्समध्ये चमकेल की चित्रकलेत हे कुठून कळणार. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलंय. यावर मी अजून टाईप करत नाही, पैसे वाचवा आणि पुढे चला.

खरा विषय तिसरा, मुलीचं स्वतःचं मत. "मला गणित जमत नाही" हे वाक्य. हे ऐकायचं की नाही?

ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या हर्बर्ट मार्श या संशोधकांनी १९८६ मध्ये एक विचित्र गोष्ट मांडली. गणितात चांगली असलेली मुलं साधारणपणे भाषेतही चांगली असतात, दोन्हीचे मार्क बऱ्यापैकी सोबत वर-खाली होतात. पण मुलांना विचारलं की तू गणितात कसा, भाषेत कसा, तर त्या दोन उत्तरांचा एकमेकांशी जवळजवळ संबंधच नसतो! कारण मूल दोन तुलना एकाच वेळी करत असतं, एक वर्गातल्या इतरांशी आणि दुसरी स्वतःच्याच दुसऱ्या विषयाशी. मराठीत ९१ म्हटल्यावर ७८ पडके वाटणारच. तिच्याच वर्गातल्या एका मुलाला गणितात ६६ आणि मराठीत ५१ आहेत, तो छाती ठोकून सांगतो "मी मॅथ्सवाला". बारा मार्क जास्त असलेली पोरगी गणितात ढ आणि बारा कमी असलेला मॅथ्सवाला. कोण चूक बोलतंय? कोणीच नाही, दोघं आपापल्या घरातलीच उंची मोजतायत.

वर्गातल्या इतरांशी होणारी तुलना तर आपल्याला म्हणीतूनच माहीत आहे, वासरात लंगडी गाय शहाणी. त्याच तयारीचं मूल साध्या शाळेत स्वतःला हुशार समजतं आणि निवडक मुलांच्या तुकडीत टाकलं की सुमार, मार्श यांनी हेही मांडून ठेवलंय. भाची सेमीच्या पहिल्या तुकडीत आहे, तिथे गणितात ९५ च्या वर दहा-बारा जण. त्यात ती मुलगी. पिसा नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०१२ च्या फेरीत दिसलं होतं की गणितात मुलांइतकीच कामगिरी असूनही मुली स्वतःला त्यात कमी लेखतात, तेव्हा मुलीने "जमत नाही" म्हटलं तर मी तरी लगेच मान हलवत नाही.

आता जरा जवळून सांगते. भाची सात वर्षं तबला शिकतेय. मागच्या रविवारी मी तिला म्हटलं, मला तिहाई समजाव. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा धा बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे. ती म्हणाली, तीनतालात समेपासून उचलायची तर पाच मात्रांचा तुकडा घे, मध्ये एकेक मात्रा मोकळी सोड, पाच-एक-पाच-एक-पाच झाले सतरा, सोळा मात्रा संपून सतरावी म्हणजे पुढची सम. म्हटलं बरं, झपतालात कर. दहा मात्रा, म्हणजे अकराव्यावर यायचं. दोन सेकंद बोटं हलली आणि म्हणाली, "तीन-एक-तीन-एक-तीन." दुसरं काही येतं का? "एकचा तुकडा आणि चारचा गॅप पण येतो, पण मावशी, ऐकायला भिकार लागतं." मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर अकरा. दहावीच्या गणित भाग १ चं पहिलंच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणे. ती बघतच राहिली. दोन्ही उकली तोंडी काढल्या आणि त्यातली कुठली कानाला बरी हेही ठरवलं, आता यातला कुठला भाग विश्लेषण आणि कुठला सर्जनशील, कोणी वेगळा करून दाखवा मला.

म्हणून माझं मत असं झालंय की मुलाचं म्हणणं ऐकायचं, पण आवडीचा पुरावा म्हणून. "गणिताला बसलं की कंटाळा येतो, पान उलटत नाही" असं म्हणत असेल तर ते शंभर टक्के खरं धरा, कारण अकरावी-बारावीची दोन वर्षं त्यालाच बसायचंय. पण "जमत नाही" म्हणत असेल तर तपासा, कुणापेक्षा जमत नाही ते विचारा.

तपासायचं कशाने? मार्क आहेतच, पण दहावीच्या मार्कांवर मी सगळा भार टाकणार नाही. गणितात १०० पैकी २० अंतर्गत, भूमितीची प्रमेयं कित्येक मुलं पाठ करून लिहितात, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड असेल तर बोर्डात ७ मार्क वाढतात, अशी सगळी खिचडी टक्क्यात असते. त्यामानाने नीट घेतलेली ॲप्टिट्यूड टेस्ट जास्त कामाची, कारण तिथे आकडे, भाषा, आकृती, तर्क अशा प्रत्येकात तुम्ही आपल्या वयाच्या हजारो मुलांमध्ये कुठे बसता ते कळतं, म्हणजे "माझ्या मराठीपेक्षा माझं गणित कच्चं" ही घरगुती तुलना तिथे चालत नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका हे काम बरीच वर्षं करतेय, इतर शहरांत शिकलेले समुपदेशक शोधा, आणि रिपोर्ट हातात देऊन पाठवणारा नको, तासभर मुलाशी बोलणारा बघा. बोर्डही मध्यंतरी काही वर्षं दहावीला कल चाचणी घ्यायचं, पण कल म्हणजे ओढा कुठे आहे ते, कुवत किती ते नाही. बरेच पालक या दोन्हींची गल्लत करतात.

तुमच्या घरी मुलाचं मत, मार्क आणि टेस्ट तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर उगाच अजून पैसे घालवू नका, फॉर्म भरा. मत चढं आणि बाकी दोन्ही उतरती असतील तर सुट्टीत अकरावीचं पुस्तक आणून दोन प्रकरणं स्वतःची स्वतः करायला लावा, पंधरा दिवसात मुलालाच कळतं, आपल्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही. मत उतरतं पण बाकी बरं, म्हणजे आमची केस, तर लेबल सोडा आणि जिथे दार बंद होत नाही ती वाट बघा.

दारांचं सांगायचं तर ही "क्रिएटिव्ह" आणि "ॲनालिटिकल" वाटणी प्रवेशाच्या नियमांनाही मान्य नाही. आर्किटेक्चर घ्या, लोकांना वाटतं चित्रकलेचं काम, पण बारावीला गणित आणि फिजिक्स लागतं. डिझाईनसाठीची युसीड, जी आयआयटी मुंबई घेते, ती कुठल्याही साईडची मुलं देऊ शकतात, फक्त ज्या संस्थेत जायचंय तिची वेगळी अट आहे का ते बघून घ्या. सायकॉलॉजी घेऊन बीए करायचं म्हणणाऱ्यांना पुढे स्टॅटिस्टिक्स भेटतंच, तेव्हा ते रडतात, माझ्याकडेच येतात. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं की आपल्या बोर्डात आर्ट्सलाही गणित घेता येतं, पुस्तकाच्या कव्हरवरच लिहिलेलं असतं, गणित व संख्याशास्त्र, कला व विज्ञान. सायन्सची मुलं शिकतात तेच पुस्तक.

तर भाचीचं सध्या हेच चाललंय, आर्ट्स विथ मॅथ्स. भावोजी अर्धे तयार झालेत, ते "विथ मॅथ्स" ऐकून. काल आम्ही तीन कॉलेजांत फोन केला. पहिल्यांनी विचारलं, "नक्की आर्ट्सच ना?" दुसरे म्हणाले विषय आहे पण मुलंच येत नाहीत म्हणून बॅच होत नाही. तिसऱ्या ठिकाणी मागच्या वर्षी चौघं होती म्हणे, त्या मॅडमनी भाचीचा नंबर लिहून घेतलाय.